स्त्रिया आणि मूत्राशयाचा कर्करोग: निदान उशिरा का होते, परिणाम अधिक गंभीर का ठरतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूत्राशयाच्या कर्करोगाविषयीची बहुतेक माहितीपत्रके धूम्रपान करणाऱ्या वयस्क पुरुषाला समोर ठेवून लिहिलेली असतात. या पानावरील प्रश्न स्त्रिया आणि त्यांचे नातेवाईक यांच्या बाजूने मांडले आहेत. येथील मजकूर वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमके काय विचारायचे हे ठरवायला त्याचा उपयोग व्हावा, एवढ्यासाठी तो लिहिला आहे.

हा आजार पुरुषांमध्ये कितीतरी अधिक आढळतो. मग स्त्रियांची वेगळी चर्चा कशासाठी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२० या वर्षात जगभरात सुमारे ४ लाख ४१ हजार पुरुषांना आणि सुमारे १ लाख ३२ हजार स्त्रियांना मूत्राशयाच्या कर्करोगाचे निदान झाले. त्याच वर्षी या रोगाने सुमारे १ लाख ५९ हजार पुरुष आणि ५४ हजार स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. रुग्णसंख्या पाहिली तर पुरुष तिपटीहून अधिक आहेत. परंतु दर शंभर नव्या रुग्णांमागे होणारे मृत्यू मोजले, तर पुरुषांमध्ये ते ३६ आणि स्त्रियांमध्ये जवळपास ४१ भरतात. हे गुणोत्तर ढोबळ आहे, कारण एखाद्या वर्षी निदान झालेल्या आणि त्याच वर्षी मृत्यू पावलेल्या व्यक्ती एकच नसतात. मात्र एकेका रुग्णाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या युरोप आणि अमेरिकेतील कर्करोग नोंदण्यांमधूनही हाच कल दिसून आला आहे.

ही बाब विशेष लक्ष देण्याजोगी आहे, कारण बहुतेक कर्करोगांमध्ये चित्र याच्या उलट असते. निदानानंतर स्त्रिया सामान्यतः पुरुषांपेक्षा अधिक काळ जगतात. मूत्राशयाचा कर्करोग हा त्या नियमाला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे.

याचा अर्थ स्त्रीचे शरीरच या रोगापुढे कमी पडते, असा घ्यायचा का?

केवळ तेवढाच अर्थ घेतला तर ते चुकीचे ठरेल. नॉर्वेमधील राष्ट्रीय नोंदणीच्या आधारे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, स्त्रियांमधील जादा मृत्यू प्रामुख्याने निदानानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत होतात. तो काळ ज्या स्त्रिया पार करतात, त्यांची पुढील वाटचाल पुरुषांपेक्षा वाईट नसते; काही बाबतींत ती अधिक चांगलीच असते. शरीराची मूळ दुर्बलता हेच एकमेव कारण असते, तर ही तफावत वर्षानुवर्षे तशीच टिकली असती. ती सुरुवातीलाच दाटून येते, यावरून रोग सापडला तेव्हाच तो बराच पुढे गेलेला होता, असा अर्थ निघतो.

स्त्रियांमध्ये निदानाच्या वेळी रोग मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत किंवा त्याच्या पलीकडे पोहोचलेला असण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आहे. रोगाची अवस्था सारखी असलेल्या स्त्रीपुरुषांचीच तुलना केली, तर फरक बराच कमी होतो. बहुतेक अभ्यासांमध्ये तो पूर्णपणे पुसला जात नाही, म्हणून जैविक कारणांचा विचारही करावाच लागतो आणि तो पुढे केला आहे. तरीही जी कारणे आज, आहे त्या साधनांनी बदलता येतील, त्यांना या पानावर अग्रस्थान दिले आहे. कारण त्यांच्यापायी होणारे मृत्यू टाळता येण्याजोगे आहेत.

उशीर नेमका कोठे होतो?

तो एकाच ठिकाणी होत नाही, टप्प्याटप्प्याने साचत जातो.

पहिला टप्पा घरातला आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत नेहमीचे लक्षण म्हणजे वेदना न होता लघवीतून रक्त जाणे. पुरुषाला लघवीचा रंग सहज दिसतो. भारतीय पद्धतीच्या शौचालयात, अपुऱ्या उजेडात, लघवी होताच पाणी ओतणाऱ्या स्त्रीला तो अनेकदा दिसतच नाही. दिसला तरी तिच्या आयुष्यात रक्तस्राव ही नवी गोष्ट नसते. पाळी चालू असेल तर ती पाळीचे रक्त समजते. पाळी जाण्याच्या वयात असेल तर ‘या वयात असे होतेच’ असे शेजारणीपासून जावेपर्यंत सगळ्याच सांगतात. पाळी बंद होऊन वर्षे लोटली असतील, तर अंगावरून जात आहे असे मानले जाते आणि संकोचापायी ते कोणाला सांगितले जात नाही. कातडीवरचे फोड किंवा ताप दाखवायला स्त्रिया दवाखान्यात जातात, पण लघवीच्या जागेचा कोणताही त्रास अंगावर काढण्याकडेच कल असतो. धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, बार्लीचे पाणी यांवर आठवडे निघून जातात.

दुसरा टप्पा पहिल्या दवाखान्यातला आहे, आणि सर्वाधिक वेळ बहुधा येथेच वाया जातो. स्त्रियांमध्ये मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग अतिशय सामान्य आहे. त्यामुळे जळजळ आणि लालसर लघवी अशी तक्रार ऐकताच ‘उन्हाळी लागली आहे’ असे समजून प्रतिजैविकांचा पाच-सात दिवसांचा कोर्स लिहिला जातो. कर्करोगातील रक्तस्राव स्वभावतःच अधूनमधून थांबतो. गोळ्या चालू असताना तो थांबला, की गोळ्यांनी गुण आला असे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही वाटते. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त दिसते, पुन्हा कोर्स होतो, आणि पुष्कळदा दुसऱ्या वेळी रुग्ण थेट औषधाच्या दुकानातून त्याच गोळ्या आणते. पुरुषाच्या बाबतीत हे चक्र इतके लांबत नाही, कारण पुरुषाला मूत्रसंसर्ग सहसा होत नाही आणि त्याच्या लघवीत रक्त दिसले की डॉक्टर लगेच सावध होतात.

हा केवळ अनुभवाचा कौल नाही. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लघवीतून रक्त गेल्याची नोंद असलेल्या पुरुषांपैकी ४७ टक्क्यांना मूत्ररोगतज्ज्ञांकडे, म्हणजे युरॉलॉजिस्टकडे, पाठवले गेले होते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण २८ टक्के होते. तेथीलच २०१४ च्या दुसऱ्या अभ्यासात रक्त जाण्याच्या पहिल्या नोंदीपासून कर्करोगाचे निदान होईपर्यंत पुरुषांना सरासरी सुमारे ७४ दिवस, तर स्त्रियांना ८५ दिवस लागले, आणि ज्यांना आधी संसर्गाचा शिक्का बसला होता त्यांचा उशीर अधिक होता. इंग्लंडमध्ये मूत्राशयाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांपैकी २७ टक्के स्त्रियांना तज्ज्ञांकडे पाठवले जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडे तीन किंवा अधिक वेळा जावे लागले होते. पुरुषांमध्ये हे प्रमाण ११ टक्के होते. हे आकडे सुसज्ज आरोग्यव्यवस्था असलेल्या देशांतील आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे.

तिसरा टप्पा तज्ज्ञ चुकीचा निवडला जाण्याचा आहे. कमरेखालच्या कोणत्याही तक्रारीसाठी स्त्री प्रथम स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाते किंवा पाठवली जाते. तेथे गर्भाशयाची सोनोग्राफी होते, कधी गर्भाशयाचे अस्तर खरवडून तपासले जाते, काही निघत नाही, आणि ‘काळजीचे कारण नाही’ असा निर्वाळा घेऊन ती घरी येते. गर्भाशय निर्दोष असल्याचे सिद्ध झाले, परंतु मूत्राशय कोणी पाहिलेच नाही, ही वस्तुस्थिती त्या निर्वाळ्यामागे झाकली जाते. ग्रामीण महाराष्ट्रात चाळिशीच्या आतच गर्भाशय काढलेल्या स्त्रियांची संख्या मोठी आहे. अशा स्त्रीच्या कपड्यावर रक्ताचा डाग दिसला, तर तो पाळीचा असू शकत नाही, आणि तिची लघवी ताबडतोब तपासली गेली पाहिजे.

रक्त लघवीतूनच येत आहे की योनीतून, हे कसे ओळखावे?

घरी खात्रीने ओळखता येईलच असे नाही, पण काही अंदाज बांधता येतो. स्वच्छ, पारदर्शक भांड्यात लघवी धरून उजेडात पाहावी. लघवी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी लाल, गुलाबी किंवा काळ्या चहासारखी असेल, तर रक्त बहुधा मूत्राशयातून किंवा त्याच्या वरून येत असते. प्रयोगशाळेसाठी नमुना देताना जागा पाण्याने धुऊन, सुरुवातीची थोडी लघवी सोडून देऊन मधल्या धारेची लघवी धरावी, आणि पाळी चालू असल्यास ती संपल्यावर पुन्हा नमुना द्यावा. वयस्क किंवा अंथरुणाला खिळलेल्या स्त्रीच्या बाबतीत डॉक्टर बारीक नळीने थेट मूत्राशयातून नमुना घेऊ शकतात, आणि शंका मिटवण्याचा तो सर्वांत सरळ मार्ग आहे. बीट खाल्ल्याने किंवा क्षयरोगावरील रिफाम्पिसिन या औषधानेही लघवी लालसर होते. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी दिसल्या नाहीत, तर तो रक्तस्राव नसतो.

मला जळजळही होते आणि रक्तही दिसते. म्हणजे संसर्गच असेल ना?

असू शकतो, आणि बहुतेक वेळा असतोही. पण तो आहे असे गृहीत न धरता सिद्ध करून घ्यावा. त्यासाठी प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी लघवीची कल्चर तपासणी झाली पाहिजे. कल्चरमध्ये जंतू वाढले, तर योग्य औषध पूर्ण घ्यावे आणि उपचार संपल्यावर लघवीची साधी तपासणी पुन्हा करून रक्तपेशी खरोखर नाहीशा झाल्या आहेत का, ते पाहावे. बहुतेक ठिकाणी हीच दुसरी तपासणी राहून जाते, कारण त्रास थांबल्यावर पुन्हा पैसे आणि वेळ घालवणे कोणाला गरजेचे वाटत नाही. संसर्ग आणि गाठ एकाच वेळी असू शकतात. संसर्ग बरा झाल्यावरही रक्तपेशी राहिल्या, तर पुढील तपासणी लगेच व्हायला हवी.

कल्चरमध्ये जंतू वाढलेच नाहीत, पण लघवीत रक्तपेशी किंवा पूपेशी आहेत, असा अहवाल आला तर प्रतिजैविकांचा आणखी एक कोर्स घेण्यात अर्थ नाही. अशा अहवालामागे मूत्रमार्गाचा क्षयरोग असू शकतो, खडा असू शकतो आणि कर्करोगही असू शकतो. मूत्राशयाच्या अस्तरात पसरट वाढणारा एक उच्च श्रेणीचा कर्करोग असतो. त्यात गाठ दिसत नाही, कधी कधी डोळ्यांना दिसेल इतके रक्तही जात नाही. फक्त वारंवार लघवीला लागणे, घाई होणे आणि जळजळ एवढेच त्रास होतात. अतिसक्रिय मूत्राशय किंवा जुनाट दाह अशा नावाखाली अशा स्त्रियांना महिनोन्‌महिने गोळ्या दिल्या जातात. लघवीतील पेशींची तपासणी, म्हणजे सायटॉलॉजी, या प्रकारात विशेष उपयोगी पडते.

रक्त एकदाच दिसले आणि आपोआप थांबले. तरीही तपासणी करावी का?

करावी. रक्तस्राव थांबणे हे रोग नसल्याचे लक्षण नाही. ब्रिटनमध्ये लघवीतील रक्तासाठी तपासल्या गेलेल्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात, डोळ्यांना दिसेल इतके रक्त गेलेल्यांपैकी सुमारे ११ टक्के रुग्णांना मूत्राशयाचा कर्करोग आढळला. म्हणजे बहुसंख्य रुग्णांना तो नव्हता, हे खरे आणि दिलासा देणारे आहे. पण नऊ-दहा रुग्णांमागे एक हे प्रमाण दुर्लक्ष करण्यासारखे नाही. तेथील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार वयाच्या ४५ वर्षांनंतर संसर्ग नसताना, किंवा संसर्ग बरा झाल्यावरही, डोळ्यांना दिसणारे रक्त गेल्यास रुग्णाला तातडीने तज्ज्ञांकडे पाठवायचे असते. या नियमात स्त्री आणि पुरुष असा भेद नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, म्हणून रक्त गेले असेल का?

त्या गोळ्यांमुळे रक्तस्राव लवकर दिसून येऊ शकतो, पण निरोगी मूत्राशयातून केवळ त्यांच्यामुळे रक्त जात आहे असे मानून तपासणी टाळू नये. अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ संघटनेच्या सूचनाही हेच सांगतात. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

सोनोग्राफी नॉर्मल आली आहे. एवढे पुरेसे नाही का?

सोनोग्राफीत मोठी गाठ दिसते. लहान किंवा पसरट गाठ निसटू शकते, विशेषतः मूत्राशय नीट भरलेले नसेल तर. मूत्राशयाच्या आतील अस्तर प्रत्यक्ष पाहण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे दुर्बिणीची तपासणी, जिला सिस्टोस्कोपी म्हणतात. स्त्रियांना या तपासणीची फार भीती वाटते. परंतु स्त्रियांचा मूत्रमार्ग अवघा तीन-चार सेंटिमीटर लांबीचा असल्यामुळे ती पुरुषांपेक्षा त्यांना बरीच सोपी जाते. जागा बधिर करून ती बाह्यरुग्ण विभागातही काही मिनिटांत होते. गाठ दिसल्यास भूल देऊन ती त्याच मार्गाने खरवडून काढली जाते आणि तपासणीला पाठवली जाते. त्या नमुन्यात मूत्राशयाच्या स्नायूचा अंश आहे का, हे अहवालात जरूर पाहावे, कारण रोग स्नायूत शिरला आहे की नाही यावरच पुढील सर्व निर्णय अवलंबून असतात.

आमच्या घरात कोणी स्त्री सिगारेट ओढत नाही. मग हा रोग होईल कसा?

जगभरातील मूत्राशयाच्या कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांचा संबंध धूम्रपानाशी आहे. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, धूम्रपान चालू असलेल्यांना हा रोग होण्याचा धोका कधीच धूम्रपान न केलेल्यांच्या चौपट आढळला, आणि तो स्त्रीपुरुषांमध्ये सारखाच होता. पण उरलेल्या निम्म्या रुग्णांचाही विचार करावा लागतो, आणि आपल्याकडील बहुसंख्य स्त्रिया त्या गटात मोडतात. ‘बाई विडी-सिगारेट ओढत नाही, म्हणून कर्करोग नाही’ हा तर्क निदान लांबवणाऱ्या कारणांपैकी एक आहे. मिश्री आणि तंबाखू यांचा तोंडाच्या कर्करोगाशी असलेला संबंध पक्का आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाशी तो धुराइतका भक्कमपणे सिद्ध झालेला नाही. तरीही मिश्री लावण्याची सवय असल्यास डॉक्टरांना ती सांगावी.

रंगद्रव्यांतील ‘अॅरोमॅटिक अमाइन्स’ या गटातील काही रसायने हे दुसरे जुने कारण आहे. फ्रँकफर्टमधील शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच रंगाच्या कारखान्यातील कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळल्याची नोंद केली होती. सोलापूर, इचलकरंजी, भिवंडी अशा ठिकाणी कापड रंगवण्याच्या कामात पूर्वी घालवलेली वर्षे म्हणूनच सांगण्यासारखी असतात, मग ते काम सोडून वीस वर्षे का झाली असेनात. केस रंगवणाऱ्या व्यावसायिकांच्या कामाला जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने ‘संभाव्य’ धोक्याच्या गटात ठेवले आहे. घरी स्वतःचे केस रंगवणाऱ्यांच्या बाबतीत मात्र निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असे तिचे मत आहे.

स्त्रियांच्या दृष्टीने आणखी एक कारण महत्त्वाचे आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ओटीपोटावर किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांना पुढे मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. भारतात अशा स्त्रियांची संख्या मोठी आहे. किरणोपचारांमुळे मूत्राशयाला दाह होऊनही रक्त जाते, त्यामुळे प्रत्येक वेळचे रक्त ‘जुन्या शेकाचेच’ म्हणून सोडून दिले जाण्याची भीती असते. सायक्लोफॉस्फमाइड हे औषध दीर्घकाळ घेतलेल्या रुग्णांनाही हा धोका असतो.

इजिप्तमध्ये दूषित पाण्यातील शिस्टोसोमा या कृमीमुळे मूत्राशयाचा एक वेगळ्या प्रकारचा कर्करोग पूर्वापार आढळत आला आहे. १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी या प्रकारच्या कृमीचा उपद्रव नोंदवला गेला होता, पण तो तेवढ्यापुरताच राहिला. आज कोकणातील कोणी त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

मग जैविक फरक काहीच नाहीत का?

आहेत, आणि ते गुंतागुंतीचे आहेत. प्रयोगशाळेतील उंदरांना कर्करोगकारक रसायन दिले असता नरांना मादींपेक्षा लवकर आणि अधिक प्रमाणात गाठी होतात, आणि पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव काढून घेतला की त्या कमी होतात. पुरुषांमध्ये रोग अधिक का होतो याचे काही अंशी उत्तर यातून मिळते. स्त्रियांच्या बाजूने पाहिले तर, मूल झालेल्या स्त्रियांमध्ये हा रोग मूल न झालेल्या स्त्रियांपेक्षा कमी आढळतो, आणि पाळी लवकर गेलेल्या स्त्रियांमध्ये धोका वाढल्याचे अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासात दिसले आहे. अर्थात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा परिणाम एकाच दिशेने होतो असे नाही. पेशींमध्ये त्याचा संदेश टिपणारे दोन वेगवेगळे ग्राहक (रिसेप्टर) परस्परविरोधी कामे करताना दिसतात.

जनुकांचा भागही आहे. गाठींना आवर घालणारे केडीएम६ए नावाचे एक जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि स्त्रियांमध्ये त्याच्या दोन्ही प्रती कार्यरत राहतात. सुरुवातीच्या अवस्थेतील मूत्राशयाच्या गाठींमध्ये या जनुकातील बिघाड स्त्रियांमध्ये अधिक प्रमाणात आढळला आहे. याशिवाय नेहमीच्या प्रकारापेक्षा वेगळ्या, शल्कपेशींच्या आणि अधिक आक्रमक वळणाच्या गाठी स्त्रियांमध्ये तुलनेने जास्त आढळतात. अशा गाठी वेगाने खोलवर जातात. त्यामुळे पुरुषाला जो दोन महिन्यांचा उशीर कदाचित पचला असता, तो स्त्रीला पचत नाही. उशीर आणि जीवशास्त्र या दोन कारणांचा विचार म्हणूनच वेगवेगळा करून चालत नाही.

रोग स्नायूत शिरलेला नसेल तर उपचार काय असतात?

गाठ दुर्बिणीतून काढल्यानंतर, पुन्हा उद्भवण्याचा धोका अधिक असल्यास मूत्राशयात ठरावीक काळाने बीसीजीचे द्रावण सोडले जाते. क्षयरोगाच्या लसीतील हेच जिवंत पण सौम्य केलेले जंतू येथे मूत्राशयाच्या अस्तरातील प्रतिकारशक्ती जागी करतात. कॅनडातील डॉक्टर अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये याचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट या उपचारासाठीचे बीसीजी तयार करते आणि ते कॅनडातही वापरले जाते.

बीसीजी घेतलेल्या रुग्णांचा अभ्यास करून स्पॅनिश तज्ज्ञांच्या एका गटाने धोका मोजण्याची जी गुणपद्धती तयार केली, तिच्यात स्त्री असणे हा रोग पुन्हा उद्भवण्याचा धोका वाढवणारा घटक म्हणून धरलेला आहे. म्हणून स्त्रियांनी बीसीजीचे ठरलेले सर्व डोस पूर्ण करणे आणि दर काही महिन्यांनी होणारी दुर्बिणीची तपासणी न चुकवणे अत्यावश्यक आहे. घरातील लग्न, सुनेचे बाळंतपण, शेतीचा हंगाम यांसाठी तपासणी पुढे ढकलली जाते आणि ती ढकलणारी बहुधा रुग्ण स्वतःच असते. कुटुंबाने हे होऊ देऊ नये.

मूत्राशय काढावे लागेल असे सांगितले आहे. स्त्रियांसाठी ही शस्त्रक्रिया वेगळी असते का?

बरीच वेगळी असते. पुरुषांमध्ये मूत्राशयासोबत पुरःस्थ ग्रंथी (प्रोस्टेट) आणि वीर्यकोश काढले जातात. स्त्रियांमध्ये पारंपरिक पद्धतीने मूत्राशयाबरोबर गर्भाशय, बीजवाहिन्या, बीजांडकोश आणि योनीची पुढची भिंत काढली जात असे, आणि अनेक ठिकाणी आजही काढली जाते. स्त्रियांमध्ये या शस्त्रक्रियेत रक्तस्राव आणि रक्त चढवण्याची गरज अधिक असते. बीजांडकोश काढल्यास, पाळी चालू असलेल्या स्त्रीला अचानक रजोनिवृत्ती येते आणि हाडांवर व हृदयावर दूरगामी परिणाम होतात. योनीची भिंत काढल्याने लैंगिक संबंध वेदनादायक किंवा अशक्य होऊ शकतात. रोगाचा विस्तार मर्यादित असेल, तर निवडक रुग्णांमध्ये हे अवयव वाचवणारी शस्त्रक्रिया करता येते. त्याविषयी शस्त्रक्रियेपूर्वी विचारलेच पाहिजे, कारण नंतर विचारून उपयोग नसतो. लैंगिक जीवनाविषयी पुरुष रुग्णांशी जेवढे बोलले जाते तेवढे स्त्रियांशी बोलले जात नाही. साठीच्या स्त्रीला हा प्रश्न नसणारच असे गृहीत धरणे हा तिच्यावर अन्याय आहे.

मूत्राशय काढल्यावर लघवीसाठी नवी वाट करावी लागते. आतड्याचा छोटा तुकडा वापरून पोटावर छिद्र करायचे आणि तेथे पिशवी लावायची, ही सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत आहे. दुसरी पद्धत म्हणजे आतड्यापासून नवे मूत्राशय बनवून ते मूळ मूत्रमार्गालाच जोडणे. स्त्रियांमध्ये हे शक्य नाही असे दीर्घकाळ मानले जात होते. १९९० च्या दशकात मूत्राशयाच्या मुखाशी रोग नसेल तर मूत्रमार्ग सुरक्षितपणे ठेवता येतो, हे दिसून आल्यावर ती समजूत मागे पडली. तरीही स्त्रियांना हा पर्याय पुरुषांपेक्षा कमी वेळा दिला जातो. त्यात काही स्त्रियांना लघवी पूर्ण बाहेर पडत नाही आणि दिवसातून काही वेळा स्वतः बारीक नळी घालावी लागते. जिच्या घरी स्वच्छ पाण्याची आणि एकांताची सोय नाही, तिला पोटावरची पिशवीच अधिक सोयीची ठरू शकते. कोणता पर्याय चांगला याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही, पण दोन्ही पर्याय तिच्यासमोर ठेवले जावेत, एवढी अपेक्षा रास्त आहे.

शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी का सुचवली जाते?

स्नायूत शिरलेल्या रोगात सिसप्लॅटिनयुक्त केमोथेरपी आधी दिल्यास आयुष्य वाढते. अमेरिकेतील २००३ च्या प्रसिद्ध चाचणीत, केवळ शस्त्रक्रिया झालेल्या गटाचे मध्यक आयुर्मान (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ४६ महिने, तर आधी केमोथेरपी घेतलेल्या गटाचे ७७ महिने होते. या औषधासाठी मूत्रपिंडे चांगली लागतात. उशिरा आलेल्या रुग्णांमध्ये गाठीने मूत्रवाहिनी दाबली गेल्यामुळे मूत्रपिंड सुजलेले असते आणि त्यामुळे हा उपचार हातचा जाऊ शकतो. निदानातील उशिराची किंमत येथे अशी दुहेरी मोजावी लागते.

मूत्राशय न काढता उपचार होऊ शकतात का?

निवडक रुग्णांमध्ये होऊ शकतात. गाठ दुर्बिणीतून शक्य तितकी काढून, नंतर किरणोपचार आणि केमोथेरपी एकत्र दिली जाते. ब्रिटनमधील २०१२ च्या चाचणीने किरणोपचारांना केमोथेरपीची जोड दिल्यास मूत्राशयातील रोग अधिक चांगला आटोक्यात राहतो, हे दाखवले. गाठ एकच असेल, मूत्रपिंडाला सूज नसेल आणि मूत्राशयाचे कार्य चांगले असेल, तर हा पर्याय जरूर विचारावा. गर्भाशयमुखासाठी पूर्वी किरणोपचार झालेल्या स्त्रीला मात्र तो सहसा देता येत नाही.

रोग इतर अवयवांत पसरला असेल तर?

तेव्हा उद्दिष्ट रोग आटोक्यात ठेवण्याचे असते. एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब या दोन औषधांच्या जोडीने मध्यक आयुर्मान जुन्या केमोथेरपीच्या १६.१ महिन्यांवरून ३१.५ महिन्यांपर्यंत नेल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ही औषधे अतिशय महाग आहेत. अशा चाचण्यांमध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांच्या मानाने फार कमी असते, त्यामुळे स्त्रियांसाठीचे निष्कर्ष नेहमीच थोड्या आधारावर काढावे लागतात.

खर्चासाठी कोठे विचारावे?

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली अंगीकृत रुग्णालयांमध्ये कर्करोगावरील अनेक उपचार होतात. तेथील आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन जावे. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. मुंबईतील परळचे टाटा स्मारक रुग्णालय गरजू रुग्णांवर सवलतीच्या दरात उपचार करते. दुर्बिणीची तपासणी आपल्या योजनेत बसते का, हे आधीच विचारून घ्यावे.

डॉक्टरांकडे जाताना काय सांगावे आणि काय न्यावे?

रक्त पहिल्यांदा कधी दिसले, त्यानंतर किती वेळा दिसले आणि पाळीशी त्याचा संबंध होता का, हे कागदावर लिहून न्यावे. आजवर किती वेळा संसर्गाचे उपचार झाले, त्यांपैकी किती वेळा कल्चर झाले आणि त्यात जंतू वाढले होते का, याचे अहवाल एकत्र करावेत. अहवाल नसतील तर गोळ्यांची रिकामी पाकिटे तरी न्यावीत. तंबाखू कोणत्याही रूपात घेत असल्यास, रंगाच्या किंवा रसायनांच्या कामात पूर्वी असल्यास, ओटीपोटावर किरणोपचार झाले असल्यास ते न विचारता सांगावे. शक्य असल्यास जिच्याशी मोकळेपणाने बोलता येते अशी मुलगी, बहीण किंवा मैत्रीण सोबत असावी, कारण मुलासमोर किंवा दिरासमोर अनेक स्त्रिया अर्धेच सांगतात. आणि संसर्गाचे उपचार दोनदा होऊनही रक्त पुन्हा दिसले असेल, तर ‘मला युरॉलॉजिस्टकडे पाठवा, दुर्बिणीची तपासणी करायची आहे’ असे स्पष्ट शब्दांत म्हणावे. डॉक्टरांनी नको म्हटले, तर नको म्हणण्याचे कारण केसपेपरवर लिहून मागावे.